आईसाठी ओटा कापला

ता. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तू आता चांगला घोडा झालास, पोटही सुटलंय म्हणे, तरी आमच्यासाठी तू बारक्याच. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक कोणीच नाही.

आईला माझ्याकडे आणून तिसरा महिना लागला. खुब्याचं हाड जुळलंय, पण डॉक्टर म्हणाले की इतक्यात पायावर भार नको, आणि पुढेमागे चाकांची खुर्ची सुटेलच असं धरून चालू नका. आमच्या दोन खोल्या तुला माहीत आहेत. त्यात हे, लेक, मी, आई आणि ती खुर्ची. खुर्ची हलवायची तर आधी टेबल हलवावं लागतं आणि टेबल हलवायचं तर यांना उठवावं लागतं. सकाळी आईचं सगळं आवरायचं, दोन घरचा स्वयंपाक करायचा, मग औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं. संध्याकाळी बाबांचा डबा घेऊन तिकडे जायचं, त्यांची भांडी विसळायची आणि परत यायचं. मी थकले रे बारक्या. कुणाजवळ बोलत नाही, कारण बोलायला लागले तर थांबायची नाही.

आईची काळजी मात्र वेगळीच आहे. ती गप्प झालीय. जिच्या तोंडाचा पट्टा उजाडल्यापासून चालू असायचा ती दिवसभर खिडकीशी बसून पेपर वाचते, अगदी 'खोली भाड्याने देणे आहे'पर्यंत. काही हवं का विचारलं तर काही नको म्हणते. हाताला काम नाही म्हणून ती अशी मिटून गेलीय, असं माझं मत. तिला तिच्या घरी, तिच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं की पुन्हा पहिल्यासारखी होईल. डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले बसून जमेल तेवढं करू द्या.

आणि इथेच घोडं अडलंय. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये बाबांनी बांधलेला तो आडवा ओटा आठवतो ना? त्याच्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंत माणूस जेमतेम जातो, आणि माझ्यासारखी बाई तर अंग चोरून. खुर्ची जाणं शक्यच नाही. तो ओटा खालच्या कपाटांसकट हातभर आखूड करायला हवा. बाबांना सांगितलं, तर म्हणाले की ओटा म्हणजे कापडाचा तागा आहे का, हवा तेवढा फाडून घ्यायला. मग तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डबा मात्र घेतला. तू लिही त्यांना. तुझं ऐकतील, कारण तू लांब आहेस, आणि लांबचा मुलगा नेहमी शहाणा असतो.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवायला मला सध्या सवड नाही.

तुझी ताई

* * *

ता. १३ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून घास उतरला नाही असं लिहिणार होतो, पण ही शेजारीच बसलीय आणि माझ्या ताटात काय काय होतं ते तिला ठाऊक आहे. तरी खरं सांगतो, वाईट वाटलं. तू तिथे उभी असतेस आणि मी इथे नकाशे काढतो. नोकरीच नकाशे काढायची, त्याला कोण काय करणार. म्हणून तेच पाठवतोय. सोबत ओट्याचा नकाशा आहे, आठवून काढलाय. इथल्या दुकानात जाऊन चाकांच्या खुर्चीचं मापही घेतलं आणि नकाशात घातलं. दुकानदाराला वाटलं मी घेणार आहे, त्याची निराशा झाली.

बाबांना वेगळं पत्र टाकलंय, अगदी गोड शब्दांत. ओटा कापायचा नाही, फक्त 'थोडा मागे घ्यायचा' असं लिहिलंय. मला सारखं आठवत राहिलं, आपण दोघं ओट्याच्या बाहेरच्या बाजूला उंच स्टुलांवर पाय लोंबकळत बसलेले, बाबा टोकाला, आणि आई आतून गरम गरम पुढ्यात सरकवतेय. तिला पुन्हा तशी बघायची आहे गं. तू स्वतःला सांभाळ. आईला माझा नमस्कार सांग, आणि पेपरात काय विशेष ते विचार.

कळावे, लोभ असावा ही विनंती. रागही चालेल, पण पत्र धाड.

तुझा बारक्या

* * *

ता. २५ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

पत्र व नकाशा पावला. नकाशात तू जिथे ओटा दाखवला आहेस तिथे खिडकी आहे. असो.

ओटा 'थोडा मागे घ्यायचा' असं लिहिलं आहेस. ओटा म्हणजे शेजारी नव्हे, जरा सरका म्हटलं की सरकायला. वरचा दगड अखंड आहे. खाली तीन कपाटं आहेत आणि टोकाच्या कपाटात ड्रॉवर आहेत. हातभर कापायचं म्हटलं तर करवत बरोबर ड्रॉवरच्या पोटातून जाते. पूर्ण कपाटच काढून टाकणं सोपं आहे, कोणीही टिनपाट कारागीर तेच सांगेल. पण मग ओटा उगाच फार जातो. तेव्हा टोकाचं कपाट सोडवून, त्याच लाकडाचं नवीन अरुंद कपाट करायचं, ड्रॉवर नव्याने जुळवायचे, आणि कडेची फळी पुन्हा टोकाला आणायची. दगड कापायला माणूस सांगितला आहे. बाकी मी करीन. मला कंबर आहे याची आठवण ताईने करून देऊ नये, कंबर स्वतःच करून देते.

मी आधी नाही म्हटलं ते ओट्याच्या प्रेमापोटी, हे कबूल. माझ्या हातचं एवढं एकच काम घरात उरलं आहे, बाकी सगळं फर्निचरच्या कारखान्यातून लोकांच्या घरी गेलं. पण घरात मी एकटा बसतो. चहा करतो तो चहा नसतो. घड्याळाला किल्ली देतो आणि बघत बसतो. ती घरी आली पाहिजे. त्यापुढे ओट्याचं काय एवढं.

खुर्चीचं माप नीट घेतलं आहेस ना ते कळव. सूनबाईंना आशीर्वाद. प्रकृतीस जपणे, आणि खिडकी कुठे आहे ते लक्षात ठेवणे.

बाबा

* * *

ता. १९ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद, आणि तुझ्या मापाबद्दल पाठीत एक धपाटा.

ओटा कापला. दगडवाला मशीन घेऊन आला आणि घरात नुसता धुरळा. मी सगळ्यावर चादरी टाकल्या होत्या, तरी अजून चमच्यांच्या डब्यात पांढरी भुकटी सापडतेय. बाबा कंबरेला पट्टा बांधून जमिनीवर बसले, कपाट सोडवलं, कापलं, रंधा मारून पुन्हा जुळवलं. ड्रॉवर असे सरकायला लागले की बघत राहावं. म्हाताऱ्याच्या अंगठ्याला पटाशी लागली, पण चेहरा बघायला हवा होतास. मलासुद्धा बरं वाटलं. वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

मग तुझी करामत कळली. आईची खुर्ची तिच्याखालून काढून आणता येत नव्हती, म्हणून मी आमच्या दुकानातून एक तसलीच आणली आणि बसून बघितलं. ओट्याच्या टोकाशी आले आणि दोन्ही हातांची बोटं सोलून निघाली! अरे, चाकं ढकलणारे हात चाकांच्या बाहेर असतात. तू दुकानात रिकामी खुर्ची मापलीस, बाबांनी त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. एक शिकलेला, एक अनुभवी, आणि दोघांनी मिळून रिकामी खुर्ची मापली. कपाळ माझं!

बाबा खाली बसले आणि नव्या कपाटाचे स्क्रू एकेक करून काढायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगडवाल्याला पुन्हा बोलावलं, पुन्हा धुरळा, पुन्हा ड्रॉवर. या खेपेला ते स्वतः खुर्चीत बसून आत-बाहेर करून बघत होते. शेगडीपाशी गेले तर म्हणाले की बसल्यावर पातेल्याच्या आतलं काहीच दिसत नाही. म्हणून त्यांनी ओट्याच्या आतल्या बाजूला, मांडीच्या जरा वर येईल अशी एक बुटकी फळी बसवलीय, तिच्यावर लहान शेगडी ठेवायची आणि शेजारी चिरायला जागा. आईचं कोपर बसल्यावर कुठे येतं ते मला चारदा विचारलं.

रविवारी तिला नेतोय. तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली की एवढा खटाटोप कशाला करताय. आपली आई, तिनं कधी स्वतःचं कौतुक करून घेतलंय? मला मात्र कधी एकदा रविवार येतो असं झालंय. आई तिच्या घरी राज्य करायला लागली की मी एक अख्खी दुपार झोपणार आहे. कुणी उठवलं तर चावीन.

लोभ ठेव, आणि पुढे कधी माप घेशील तर आधी त्यात माणूस बसव.

तुझी ताई

* * *

ता. ६ एप्रिल

चि. बारक्यास आशीर्वाद.

आज गंमत करायचं त्राण नाही.

आई घरी आली. बाबांनी दाढी केली होती, शर्टाला इस्त्री केली होती. आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे राहिलो. आई खुर्ची ढकलत सरळ आत गेली, कुठेही न अडता. बुटक्या फळीवरून हात फिरवला, ड्रॉवर एकदा उघडून बंद केला, बाबांना छान केलंय म्हणाली, खुर्ची वळवली आणि बाहेर आली. त्यानंतर एकदाही आत गेलेली नाही. बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसते.

म्हणजे झालं काय, तर आधी मी एकाचा डबा न्यायची, आता दोघांचा नेते. आगीतून उठून फुफाट्यात! बाबांना वाटतं त्यांच्याच कामात खोट आहे. फळी वर घेतली, खाली घेतली, परत वर घेतली. आई प्रत्येक वेळी छान म्हणते आणि पान उलटते. काल गेले तर ते टेप घेऊन गुडघ्यावर बसलेले. म्हणाले की वाट अजून अरुंद असणार, ती बोलत नाही पण तिला भीती वाटत असणार, आणखी हातभर कापतो. असंच चाललं तर ओट्याचा पाट होईल बारक्या. त्यांचा अंगठा अजून भरलेला नाही.

मी आईला विचारलं की दुखतंय का, गॅसची भीती वाटते का. नाही म्हणाली. मग माझा तोल गेला. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, एवढं सगळ्यांनी तुझ्यासाठी मर मर करायचं आणि तू साधी आत जाऊन चहासुद्धा टाकत नाहीस. मी डब्याची पिशवी तिथेच टाकून निघाले आणि वाटभर रडले. एवढ्या वर्षांत आईवर कधी आवाज चढवला नव्हता.

तू विचार तिला काय खुपतंय ते. मी विचारलं की ते विचारणं राहत नाही, जाब होतो. हे असं फार दिवस मला झेपणार नाही. मी आडवी झाले तर दोन्ही घरं उपाशी बसतील.

कळावे. लोभ असू दे, सध्या माझ्या वाट्याचाही तूच ठेव.

तुझी ताई

* * *

ता. १४ एप्रिल

ति. आईस शि. सा. न.

मी मजेत आहे, वजन विचारू नकोस. ताईचं पत्र आलं. ती ओरडली म्हणून तू मनाला लावून घेऊ नकोस, ती फार दमलीय गं.

ताईचं पत्र मी हिला वाचून दाखवलं. ऐकून ही म्हणाली की तुम्ही ओटा मापलात, खुर्ची मापलीत, आईंचं कोपर मापलंत, पण आईंना आत जायचंय का हे कुणी विचारलं का? मी हसलो. ती हसली नाही. मग मला कुणी विचारल्याचं आठवेना. मी तरी विचारलेलं नाही.

म्हणून विचारतो. आई, तुला आत जायचंय का? जे असेल ते लिही, मी ऐकून घेईन. बाबांनी पुन्हा कापायला घ्यायच्या आत लिही.

आशीर्वाद असावा, अधूनमधून कान धरायला विसरू नये.

तुझा बारक्या

* * *

ता. २४ एप्रिल

चि. बारक्यास व सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद. सूनबाईला त्यातले जास्त.

तुझं पत्र तुझ्या बाबांनी मोठ्यानं वाचायला घेतलं होतं. मी हातातून काढून घेतलं. माझं पत्र मी वाचीन म्हटलं.

नाही रे बाळा. मला आत जायचं नाही.

पडले तेव्हा जीव जाईल असं दुखत होतं. उचलून गाडीत घातलं तेव्हा मनात काय आलं सांगू? उद्या सकाळी चहा मला टाकायचा नाही. दुखण्यात हे सुचलं याची लाज वाटली, पण बरं वाटलं ते वाटलंच. ताईकडे मी गप्प होते ती दुःखानं नव्हे. मी बसले होते, बस्स. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर मी जन्मात वाचला नव्हता, मधेच काहीतरी उतू जायचं. पण माझ्यापुढे ती पोर भिंगरीसारखी फिरत होती. आईनं बसून खायचं आणि लेकीनं मरायचं, त्याला काय सुख म्हणायचं? म्हणून तुम्ही घरी चल म्हणालात तर मुकाट्यानं आले.

आले आणि बघते तर माझ्यासाठी केवढी वाट केलेली! आत जायची. पाय मोडला तेव्हा वाटलं सुटले, आणि तुम्ही सगळ्यांनी मला खुर्चीसकट आत घालण्यासाठी चांगला दगड कापलात. हसावं की रडावं कळेना. पण तुझ्या बाबांच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं, कंबर वाकडी झालेली, आणि तोंडावर असा आनंद. कोणत्या तोंडानं सांगणार की हे मला नको? तोंड मिटून पेपर वाचत राहिले. ते फळी वरखाली करत राहिले. ताई ओरडली तेव्हा मला राग आला नाही. बरोबरच होतं तिचं. तिला वाटलं माझं अडलंय कुठेतरी, आणि माझं कुठेच अडलेलं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दगडवाला पुन्हा दारात. बाबा ओट्यावर पेन्सिलीनं रेघ मारत होते. तेव्हा मात्र मी बोलले. म्हटलं, वाट भरपूर झालीय, हत्ती जाईल. मलाच जायचं नाही. उभ्यानं जेवढा करायचा तेवढा स्वयंपाक केला, आता बसून करणार नाही. ते म्हणाले की मग करणार कोण. मी म्हटलं ठाऊक नाही, पण मी नाही, आणि ताईही नाही.

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले. एवढ्या वर्षांचा संसार, पण एवढं एक वाक्य कधी बोलले नव्हते. दगडवाला मशीन मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याला चहा विचारायला घरात कुणी नव्हतं. म्हणजे मी होते, पण मी विचारला नाही.

बऱ्याच वेळानं ते आत आले. चिडले नव्हते. एवढंच विचारलं की मग तू बसणार कुठे. मी म्हटलं इथे, बाहेरच्या बाजूला, तुम्ही सगळे बसायचात तिथे. ते म्हणाले की खुर्चीतून तुला ओटा उंच पडेल. मग आत गेले, ती बुटकी फळी आतल्या बाजूनं सोडवली आणि बाहेरच्या बाजूला आणून बसवली. दगडवाल्यानं एक टोक धरलं. मी खुर्ची पुढे घेतली तर गुडघे बरोबर खाली गेले, कोपर बरोबर वर टेकलं. माप अगदी माझं होतं.

मग हे स्वयंपाकघरात शिरले. भाजी चिरायला एवढा वेळ लागला की मला वाटलं झोप लागली. बघते तर एकूण एक तुकडा एका मापाचा, आणि जे बसले नाहीत ते बाजूला काढलेले! मीठ किती घालू म्हणाले. अंदाजानं घाला म्हटलं. अंदाज म्हणजे किती, ते म्हणाले. मी सांगितलं नाही. अरे, एकदा सांगायला लागले असते तर मी पुन्हा आतच गेले असते.

तेवढ्यात ताई डबा घेऊन आली. तिला म्हटलं, तो डबा आल्या पावली तुझ्या घरी ने, आणि उद्यापासून रिकाम्या हातानं येत जा. ती आळीपाळीनं आमच्या दोघांकडे बघत उभी राहिली. मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसली, डोकं ओट्यावर टेकलं आणि रडायला लागली. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. मला दुसरं काही काम नव्हतं ना. ती तिथेच झोपली. आम्ही उठवलं नाही.

मग तुझ्या बाबांनी ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं आणि परीक्षेला बसल्यासारखे समोर उभे राहिले. भाजी खारट होती, आणि खाली लागलेली होती. मी आणखी मागून घेतली.

कळावे. लोभ आहेच. येणार असशील तर बाबांना आधी कळव, किती जण जेवायला ते त्यांना लागतं.

तुझी आई